बाईंचा गृहपाठ

मार्कंडेयाची गोष्ट विदर्भात बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. मृकंडू ऋषींना मुलगा झाला तो सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन. मुदत भरली, यम दारात आला, पोरानं शिवलिंगाला मिठी मारली आणि महादेवानं यमालाच परत पाठवलं. ही मिठी जिथे पडली ती जागा म्हणजे मार्कंडा, असं गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात सांगतात. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते म्हणून हे तीर्थ. पलीकडचा काठ चंद्रपूर जिल्ह्याचा. महाशिवरात्रीच्या जत्रेला दोन्ही काठांवरून आणि आतल्या जंगलपट्ट्यातून माणसं लोटतात. कनिंगहॅमनं 1870च्या दशकात इथल्या देवळांची नोंद केली, तेव्हापासून त्यांच्या कोरीवकामावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला कुतूहल आहे ते त्या पोराचं. मरणाच्या तावडीतून सुटल्यावर त्याचं पुढे काय झालं? त्याला कोणी शिकवलं, कसं शिकवलं, कुठल्या बोलीत शिकवलं? पुराणं त्याला एकदम चिरंजीव ऋषी करून मोकळी होतात. वाचण्याच्या आणि शहाणं होण्याच्या मधला काळ गाळूनच टाकतात.

सध्या मी बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम करते आहे आणि त्याच्या प्रात्यक्षिकासाठी या परिसरातल्या अंगणवाड्यांमध्ये बसते आहे. तिथे बसून वाटतं, गाळलेला तो काळ हाच या जिल्ह्यापुढचाही प्रश्न आहे. मूल वाचवायचं कसं, हे गडचिरोलीनं साऱ्या देशाला शिकवलं. वाचलेल्या मुलाला शिकवायचं कसं, हे मात्र आपण अजून मनावर घेतलेलं नाही.

इंजेक्शन देणाऱ्या बाया

आधी वाचवण्याची गोष्ट, कारण पुढच्या साऱ्या म्हणण्याचा आधार तीच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 साली गडचिरोलीत कामाला लागले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1988 साली मोजदाद केली, तेव्हा तिथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 121 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. बहुतेक बाळंतपणं घरी व्हायची, दवाखाना लांब आणि पावसाळ्यात रस्ता बंद. तेव्हा संस्थेनं गावातल्याच बाया निवडल्या. पाचवी ते दहावी शिकलेल्या, शेतावर जाणाऱ्या, स्वतःची लेकरं असलेल्या. बाळाचा श्वास कसा मोजायचा, न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुदोष कसा ओळखायचा आणि वेळ आलीच तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे त्यांना शिकवलं. तज्ज्ञ मंडळींना हे धाडस वाटलं. प्रयोग 39 गावांत झाला, तुलनेसाठी आणखी 47 गावं होती. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यात नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली.

या प्रयोगाचं आकड्यापलीकडचं महत्त्व मला त्यातल्या शिकवण्याच्या रीतीत दिसतं. या बायांना एकदा सभागृहात बसवून, जेवण देऊन, प्रमाणपत्र हातात ठेवून घरी पाठवलं नाही. थोडं शिकायचं, गावात जाऊन करायचं, केलेलं लिहायचं, कोणीतरी येऊन ते तपासायचं, मग पुढचं शिकायचं. दिवसामागून दिवस हेच. कमी शिकलेली गावची बाई अवघड कौशल्य आत्मसात करू शकते, हे या जिल्ह्यात सिद्ध झालं आहे. तरीही तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा विषय निघाला की आपण म्हणतो, ‘सेविकांकडून किती अपेक्षा ठेवणार?’

वजनकाटा आणि वही

अंगणवाडीची सकाळ कशी जाते ते पाहा. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी सुरू झाली. तिच्या सेवा सहा: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषणाचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. सहांपैकी पाच शरीराच्या, एक मनाची. बाई, म्हणजे अंगणवाडी सेविका, सकाळी येते ती याच सहा सेवा डोक्यावर घेऊन. खोली झाडून होते, मदतनीस चूल पेटवते. वजनं घ्यायची, उंची घ्यायची, गरोदर बाईच्या घरी जाऊन यायचं. अमृत आहार योजनेतली अंडी आणि जेवण यांचा हिशेब ठेवायचा. नोंदवह्या भरायच्या आणि 2021पासून त्याच नोंदी मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्येही. नेटवर्क नसलं की रस्त्यावर, टेकाडावर किंवा झाडाखाली, जिथे दांडी दिसेल तिथे उभं राहायचं. या सगळ्यातून जो वेळ उरतो तो ‘शिक्षणाचा’.

पर्यवेक्षिका आली की विचारते ते वजन, कारण ते काट्यावर दिसतं. कुपोषणाच्या मुलखात ते विचारायलाच हवं. पण मूल आज काय बोललं, कशाला घाबरलं, कोणाशी खेळलं, हे दाखवणारा काटा नाही आणि ते विचारायचा रिवाजही नाही. जे विचारलं जात नाही ते हळूहळू केलंही जात नाही.

आमच्या अभ्यासक्रमात ‘निरीक्षण’ नावाचा भाग आहे. एक मूल निवडायचं, थोडा वेळ त्याच्यावर नजर ठेवायची आणि जेवढं दिसलं-ऐकू आलं तेवढंच लिहायचं. ‘हट्टी आहे’ हे निरीक्षण नव्हे. ‘तीनदा मागितलं, मिळालं नाही, चौथ्यांदा ओढून घेतलं’ हे निरीक्षण. सांगायला सोपं, करायला भलतंच कठीण, कारण मोठ्या माणसाची जीभ आणि हात सारखे शिवशिवतात. मूल डब्याचं झाकण उलटं लावत असलं की आपला हात पुढे जातो. तो आवरणं हा या अभ्यासाचा पहिला धडा.

महाशिवरात्र होऊन गेली की इथली मुलं अंगणवाडीत जत्रा मांडतात. अशाच एका खेळात साडेचार वर्षांची एक मुलगी पळसाची पानं ओळीनं मांडून बसली होती. पानांवर वाळू म्हणजे फुटाणे, खडे म्हणजे रेवड्या. पैसे म्हणून चिंचोके. एका पोरानं एक चिंचोका देऊन दोन पानं उचलली. तिनं त्याचा हात धरला.

“एकाले एकच भेटते.”

त्यानं एक पान ठेवलं. मागून तीन वर्षांचं एक लेकरू आलं, रिकाम्या हातानं. ते नुसतं उभंच राहिलं. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं, पानावरची चिमूटभर वाळू त्याच्या तळहातावर ठेवली आणि आजूबाजूच्यांना बजावलं, “हा परसाद हाये. परसादाले पैसे नाई लागत.”

पलीकडे बाई वजनं घेत होती. नंतर तिनं माझी वही मागून घेतली, वाचली आणि म्हणाली, “एवढं सारं झालं काय ताई इथं? मी तं इथंच होती.” मग आम्ही दोघींनी मिळून त्या पानावर खुणा केल्या. एकास एक संगती इथे आहे, म्हणजे गणिताचा पाया आहे. विक्री आणि दान यांतला फरक आहे. लहानग्याची लाज राखणारा एक नियम जागच्या जागी तयार झाला आहे, आणि तो चारचौघांना पटेल अशा शब्दांत मांडलाही आहे. खेळात मूल आपल्या वयाहून मोठं होऊन वागतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की सांगून गेला. पाठ्यपुस्तकात ते वाक्य अधोरेखित करण्यासारखं आहेच, पण या वाळूच्या फुटाण्यांमुळे ते मला पटलं.

पाणी आणि पानी

त्या मुलीचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. ती झाडीबोली. वैनगंगेच्या खोऱ्यातली, धानाच्या बांध्यांवरची, दंडारीची आणि झाडीपट्टी नाटकांच्या मुलखातली मराठी. अंगणवाडीत मात्र ही बोली बऱ्याचदा उंबऱ्यापाशीच थांबते. “बाई, मले पानी पायजे” म्हणणाऱ्या लेकराला “मला पाणी पाहिजे म्हण” असं दोनदा म्हणायला लावून मग पेला देणारी बाई मी पाहिली आहे. तीच बाई दुपारी घरी “मले” म्हणते. तिला कोणीतरी, कधीतरी शिकवलं आहे की शिक्षण म्हणजे स्वतःच्या आईची जीभ दुरुस्त करणं.

ही तर मराठीतल्या मराठीतली गोष्ट. चामोर्शी तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. सिरोंचाकडे तेलुगू ऐकू येते. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे गोंडी आणि माडिया. तिथल्या तीन वर्षांच्या मुलासाठी ‘बस’, ‘ये’, ‘जेव’ हे शब्दसुद्धा परके. असं मूल गप्प बसतं आणि नोंदीत ‘अबोल’ ठरतं. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात 1976 साली आश्रमशाळा सुरू झाली, तेव्हापासून तिथल्या मंडळींना याच भिंतीशी झुंजावं लागलं आहे. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 साली गोंडीतून शिकवणारी आपली स्वतःची शाळाच काढली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं, 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. गाव मात्र हे स्वतःहून करायला गेलं की मान्यतेचे कागद आडवे येतात.

घरच्या बोलीचं हे मोल फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या लोकांच्या बोलींचा अभ्यास केला, भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि 1986 साली कमला निंबकर बालभवन सुरू केलं. मुलाची घरची बोली ही चूक नसते, तीही नियमांनीच चालते, आणि तिच्यावर पाय ठेवूनच मूल प्रमाण मराठीपर्यंत चढतं, हा त्यांच्या कामाचा गाभा. मार्कंड्याच्या बाईला हे कोणी सांगितलं असतं, तर तिनं पेला आधी दिला असता आणि ‘पाणी’ हा शब्द स्वतःच्या बोलण्यातून सहज कानावर घातला असता. पहिलीपर्यंत मुलाला दोन्ही आले असते.

अंगणात गेलेली शाळा

अभ्यासक्रमाच्या पुस्तकात मॉन्टेसरी आणि फ्रोबेल या पाश्चात्त्य शिक्षणतज्ज्ञांमागून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ येतात. इथे बसून वाचताना हा क्रम उलटा हवा होता असं वाटतं.

ताराबाईंनी राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयातली मुख्याध्यापकी सोडली आणि त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे गेल्या. 1926 साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मुलाला न मारता, न दटावता, साधनांशी मोकळं खेळू देऊन शिकवायचं, हा त्या काळी शहरी सुखवस्तू घरांपुरता वाटणारा विचार होता. 1945 साली ताराबाई तो घेऊन तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. बालवाडी सुरू केली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, पालकांनाही दिला नाही. साधनं उचलली आणि बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. मॉन्टेसरीची महागडी लाकडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, दगड, पानं, काड्या आल्या. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, मग शाळा कुरणात भरवली, तिचं नाव कुरणशाळा. प्रत्येक वेळी हललं ते शिक्षण. मूल होतं तिथेच राहिलं.

अनुताईंची गोष्ट माझ्यासारख्या शिकता शिकता शिकवणाऱ्यांसाठी आणखी जवळची. लहानपणीच वैधव्य आलं. शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवत असताना रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. 1945 साली ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या आणि पुढचं सारं आयुष्य त्या कामात राहिल्या. पदवी घेतली ती पन्नाशी उलटल्यावर, 1961 साली, डोळ्यांचा त्रास असताना. तोवर त्यांनी कितीतरी बालवाडी-शिक्षिका तयार केल्या होत्या. पदवी नव्हती म्हणून त्यांचं काही अडत नव्हतं. तरी त्या अभ्यासाला बसल्या, कारण लहान मुलांना शिकवणाऱ्या माणसाचा अभ्यास संपत नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

1975च्या योजनेनं ‘अंगणवाडी’ हे नाव घेतलं. बाईनं सतत शिकत राहायचं ही त्यामागची अट मात्र कागदावर उतरलीच नाही. तिला ‘मानसेवी’ म्हटलं गेलं. ऑक्टोबर 2018पासून केंद्रानं सेविकेचं मानधन महिना 4,500 रुपये ठरवलं, मदतनिसाचं 2,250. राज्य त्यात आपली भर घालतं. 2022च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क आहे असा निकाल दिला. 2023च्या 4 डिसेंबरपासून महाराष्ट्रातल्या अंगणवाड्या कित्येक आठवडे संपामुळे बंद होत्या. विद्यापीठात शिकवणारा माणूस आणि तीन वर्षांच्या मुलांना शिकवणारी बाई यांच्या मोबदल्यातली दरी पाहिली, की आपल्या समाजाला कुठलं वय महत्त्वाचं वाटतं ते कळतं. 2020च्या शैक्षणिक धोरणात मात्र मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, असं लिहिलेलं आहे.

पालकांचं म्हणणं

गावातल्या आयांना अंगणवाडी ‘नुसतं खेळवते’ असं वाटतं. ज्यांना जमतं ते चामोर्शीच्या कॉन्व्हेंटची गाडी लावतात. गाडीत कोंबलेलं साडेतीन वर्षांचं मूल संध्याकाळी ‘ए फॉर ॲपल’ म्हणत उतरतं. याला हसण्याचं कारण नाही. ज्या आईचं शिक्षण तिसरीत सुटलं आणि ज्या बापाला कार्यालयात इंग्रजी कागदावर अंगठा द्यावा लागला, त्यांना वहीत लिहिलेलं अक्षर म्हणजे हाती लागलेला पुरावा वाटतो. खेळातलं शिक्षण त्यांना दिसत नाही, कारण ते त्यांना कोणी दाखवलेलं नाही.

अनुभव काय सांगतो? आसाम, राजस्थान आणि तेलंगणातली सुमारे 14,000 मुलं वयाच्या चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत पाहणारा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात अंगणवाडी काय आणि खासगी बालवर्ग काय, दोन्हींकडून येणारी बरीचशी मुलं पहिलीसाठी हवी तशी तयार नव्हती. एकीकडे शिकवणं थोडकं, दुसरीकडे वयाला न झेपणारी पाठांतर-लिखाणाची घाई. अमेरिकेत मिशिगनच्या पेरी बालवर्गाचं उदाहरण नेहमी दिलं जातं: 1962 ते 1967, गरीब घरातली 123 मुलं, पुढे चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा. बालवर्गात गेलेली मुलं शिक्षणात, कमाईत पुढे राहिली, तुरुंगात कमी गेली. हे उदाहरण देणारे एक गोष्ट बहुधा सांगत नाहीत. तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जात होती. फळ मिळालं ते त्या शिक्षिकेमुळे, बालवर्ग नावाच्या खोलीमुळे नव्हे.

घरी जाणं इथल्या बाईला नवीन नाही. ती रोजच जाते, पण पोषणाची यादी घेऊन. त्याच फेरीत तिनं मुलाच्या खेळाचं एक पान आईला वाचून दाखवलं तर? ‘परसादा’चं पान त्या मुलीच्या आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, “घरी बी असीच हिशोब करते थे.” पुढची दहा मिनिटं तिनंच आम्हाला मुलीची गणितं सांगितली.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत, तेंदूच्या हंगामात आणि रोवण्याच्या पावसात हजेरी घसरते. नदीपलीकडे ब्रह्मपुरी-ताडोबाच्या पट्ट्यात वाघ-बिबट्याच्या भीतीनं आया लहानग्यांना एकटं पाठवत नाहीत, आणि मोठी भावंडं कामावर गेलेली असतात. हजेरीपटावर ही सगळी मुलं ‘गैरहजर’. कोसबाडनं या प्रश्नाचं उत्तर साठ वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. पण बाई उठून बांधीवर किंवा मोहाखाली गेली, तर इकडे खोली बंद दिसेल आणि भेटीला आलेला साहेब शेरा मारेल. तिला हलण्याची मुभा द्यायची तर आधी तिच्यावर भरवसा ठेवावा लागेल.

सहा महिने कुठे?

2020च्या धोरणानुसार बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम द्यायचा आहे. म्हणजे मी जे शिकते आहे ते हळूहळू प्रत्येक बाईला शिकायचं आहे. कल्पना उत्तम. धास्ती आहे ती रीतीची. तालुक्याच्या सभागृहात पडद्यावर चालणाऱ्या चित्रफिती, मोबाइलवरची प्रश्नमंजूषा, शेवटी प्रमाणपत्र, आणि गावात परतल्यावर तोच वजनकाटा, तोच ट्रॅकर. असं झालं तर ही आणखी एक नोंदवही ठरेल.

दुसरी रीत याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, त्यामागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट होते. कायदा समजून घ्यायचा, बांबूचा हिशेब समजून घ्यायचा, तर गावानं एकत्र बसून बोलायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, पण निर्णय गावाचा. ‘सर्च’च्या आरोग्यदूत बायांचं शिक्षणही असंच, कामात राहून आणि कोणीतरी नियमित पाठीशी राहून झालं. या दोन गोष्टी जोडल्या की सेविकांच्या अभ्यासक्रमाचा आराखडा तयार होतो: पाच-सहा शेजारच्या अंगणवाड्यांचा एक गट, महिन्यातून एक दुपार, आणि प्रत्येकीनं सोबत आणलेलं एका मुलाच्या निरीक्षणाचं एक पान. त्यावर चर्चा. मूल गोंडीत काय म्हणालं, ते आपल्याला कळलं का, पुढच्या आठवड्यात त्याच्यासमोर काय ठेवायचं? त्या गटात पर्यवेक्षिकेनं तपासनीस म्हणून न बसता आपलंही एक पान आणायचं. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि व्हिगोत्स्की या पानांच्या निमित्तानं यावेत, आधी नव्हे. त्या दुपारी ट्रॅकर बंद आणि त्या दुपारचं मानधन चालू.

हे खर्चिक नाही, पण सरकारी यंत्रणेला अवघड आहे, कारण यात मोजता येण्याजोगं लगेच काही दिसत नाही. गावच्या बाईनं नवजात बाळांचे श्वास मोजणंही एके काळी असंच अशक्यप्राय वाटलं होतं. मोजायला शिकलेली बाई आधी तयार झाली, आकडे नंतर आले. मुलाचं खेळणं-बोलणं वाचू शकणारी बाई आधी तयार होऊ द्या. तिच्या सहा महिन्यांच्या अभ्यासाला सभागृह लागत नाही. तो तिच्याच अंगणवाडीत, मुलं हजर असताना व्हायला हवा, आणि प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही चालू राहायला हवा.